मधल्या आतड्याचा रंग

डिलाईल रोड
१२ फेब्रुवारी २०२४

चि. श्रेया,

फोन तू घेत नाहीस, म्हणून मिरजेला हॉस्पिटलच्या पत्त्यावर लिहितोय. पाकिटावरचं अक्षर मुद्दाम विनीतचं आहे. माझं अक्षर दिसलं की तू न उघडता फाडशील, एवढं मी तुला ओळखतो. त्याला ओरडू नकोस. काकाने सांगितल्यावर पुतण्या बिचारा काय करणार!

भांडण उकरायला लिहीत नाही. कामाचं विचारायचंय. परळच्या मेडिकल कॉलेजातल्या एक ऋता मॅडम परवा लालबागला कारखान्यात आल्या होत्या. शरीररचना शिकवतात. त्यांना मुलांसाठी लहान आतड्याच्या मधल्या भागाचं मॉडेल हवंय, खऱ्याच्या तिप्पट. विकत मिळतात ती प्लास्टिकची मॉडेलं त्यांना खेळण्यासारखी वाटतात. मी म्हटलं, मॅडम, मी गणपती करतो. पोटं पुष्कळ केली, पण बाहेरून. त्या हसल्या नि म्हणाल्या, काका, या वेळी आतून करा.

नग दोन हवेत. एक निरोगी आणि एक पीळ पडून काळा पडलेला. दुसऱ्याला मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. तुझी आई त्याच दुखण्याने गेली हे त्यांना कुठून माहीत असणार. मीही सांगितलं नाही.

तर प्रश्न रंगाचा आहे. त्यांच्याकडची आतडी औषधात बुडवलेली, राखाडी. जिवंत माणसाच्या पोटात तो भाग गुलाबी असतो म्हणतात. आता गुलाबी म्हणजे कोणता? माझ्या फळीवर गुलाबीच्याच सात बाटल्या आहेत. तू ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स, रोज बघतेस. एका ओळीत कळव. पप्पाला नको, कारागिराला कळव.

घरी सगळं जागच्या जागी आहे. देव्हाऱ्यात दिवा लावतो. आखणीचा ब्रशही तिथेच आहे. दीड वर्षात हात लावला नाही. मूर्तींचे डोळे आता विनीत आखतो, आणि बरे आखतो.

तुझा,
पप्पा


३ मार्च २०२४

चि. श्रेया,

उत्तर नाही. ठीक आहे. मी आपला सांगत राहतो. ऐकायचं नसेल तर कागद पालथा घाल.

कॉलेजच्या म्युझियममध्ये तीन दुपारी बसून आलो. पहिल्या दिवशी वासाने जेवण गेलं नाही. मॅडमनी एका ट्रेमध्ये ते पसरून दाखवलं. मी इतकी वर्षं समजत होतो की आतडं म्हणजे पोटात गुंडाळून ठेवलेला पाइप. तसं नाही गं. तुला हे ठाऊक असणार, पण मला नव्हतं. सगळं आतडं एका पातळ पडद्याच्या कडेला धरलेलं असतं, साडीला काठ असतो तसं. पडद्याचं मूळ मागे पाठीला चिकटलेलं, तिरकं, आणि त्याची लांबी किती, तर एक वीत. एका वितीवर वीस फूट काठ! मग निऱ्या पडणारच. मॅडमनी माझाच पंजा माझ्या पोटावर ठेवून दाखवलं. बेंबीच्या वर डाव्या अंगाला अंगठा, तिथून मधला भाग सुरू. खाली उजवीकडे करंगळी, तिथे मूळ संपलं.

मग उभं चिरलेलं दाखवलं. आत आडव्या गोल घड्या, एकीला एक लागून. जठरातल्या घड्या पोट भरलं की सपाट होतात, ह्या होत नाहीत. कितीही ताणा, मोडायच्या नाहीत. त्यांच्यावर बारीक मखमल. पुढे पुढे घड्या विरळ होत जातात. मी विचारलं, मधला भाग संपून शेवटचा सुरू होतो तिथे रेघ कुठे मारू? म्हणाल्या, रेघ नसतेच काका. हळूहळू बदलतं, कुठे बदललं ते बोटाने दाखवता येत नाही. रेघांवर पोट भरलेल्या माणसाला ही पंचाईतच.

आणि म्हणे मेलेल्या माणसात हा भाग बहुतेकदा रिकामा सापडतो. म्हणून पुस्तकात त्याला रिक्तांत्र म्हणतात. आलेलं सगळं शोषून रक्तात द्यायचं, उरलेलं पुढे ढकलायचं. मला तुझ्या आईचं पातेलं आठवलं. सगळ्यांना वाढून झालं की हिच्यासाठी तळ खरवडायचा. 'माका भूक नाय' म्हणायची. आपण दोघंही ते खरं धरायचो.

समोरच्या जाईबाई अजून रविवारी वाटीभर कालवण आणून देतात. दारातूनच देतात, आत येत नाहीत. माझ्याकडे बघतही नाहीत. म्हाताऱ्या झाल्या आता.

रंगाचं लक्षात ठेव.

तुझा,
पप्पा


२१ एप्रिल २०२४

चि. श्रेया,

कार्ड आलं! पोस्टमनने दारात टाकलं, मी ते शर्टाच्या खिशात घालून दिवसभर हिंडलो. आता पाठ झालंय. 'गुलाबी नाही. जास्वंदीच्या पाकळीची मागची बाजू ओली केली की दिसते तसा. वर चमक असते. आणि ते सारखं हलत असतं.' खाली सहीसुद्धा नाही. असू दे.

सकाळीच दादरच्या फुलबाजारात गेलो. जास्वंदी पालथी करून पाण्यात बुडवतोय म्हटल्यावर फूलवाली बाई म्हणाली, 'काय बाबा, चेकिंगला आलात काय?' तिला काय सांगणार. तांबड्यात थोडा पांढरा घातला, चिमूटभर पिवळी माती, शेवटी वॉर्निशचा हात. विनीत म्हणाला, काका, हे भिजल्यासारखं दिसतंय. म्हटलं, जमलं.

शिरांचं काम बाकी आहे. पडद्यातून शिरा येतात, त्यांच्या कमानी होतात, आणि कमानीतून सरळ शिरा आतड्याला जाऊन भिडतात. शेवटच्या भागात कमानी पुष्कळ, एकावर एक, आणि सरळ शिरा आखूड. मधल्या भागात कमानी एकदोनच आणि सरळ शिरा लांब. त्यांच्या मध्ये चरबी नसते, प्रकाशात धरलं तर आरपार दिसतं. मॅडम त्यांना खिडक्या म्हणतात. चाळीतल्या माणसाला खिडक्या काय शिकवायच्या! एवढं सगळं जमेल, पण मातीवरून साचा घेऊन काढलेल्या फायबरला हलायला मात्र शिकवता येत नाही.

मेसमध्ये मासे मिळतात का? विनीत म्हणत होता तो खोकला गेला का?

तू लिहिलंस म्हणून मीही एक लिहितो. त्या दिवशी सकाळी सातला मी घर सोडलं ते संध्याकाळी थेट हॉस्पिटलात आलो. चतुर्थी दोन दिवसांवर. मंडळाच्या मूर्तीचे डोळे त्याच दिवशी व्हायचे होते. आखणीचा ब्रश हातात घेतला की आपल्याकडे कारागीर बोलत नाही, मागे वळत नाही, फोन बंद. आजोबांपासूनचा नेम, तुला माहीत आहे. तुझे चौदा फोन मी साडेचारला पाहिले. तोवर जाईबाई तिला टॅक्सीत घालून घेऊन गेल्या होत्या. हे तेव्हाही सांगितलं होतं, तू ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतीस. 'गणपतीला डोळे दिलेत आणि आईचे मिटवलेत,' एवढंच म्हणालीस आणि गेलीस.

तुझा,
पप्पा


९ जून २०२४

चि. श्रेया,

आज डोकं ठिकाणावर नाही. मॅडमशी वाजलं.

पहिला नग कॉलेजात नेऊन दाखवला, त्यांना पसंत पडला. घड्यांवरून बोट फिरवून म्हणाल्या, काका, मुलं हात धुऊन येतील हो याला शिवायला. मीही फुगलो. तेवढ्यात म्हणाल्या, आता दुसरा कधी सुरू करताय? म्हटलं, नाही म्हटलं होतं ना. त्यांनी समजावायला घेतलं. त्या लांब सरळ शिरा आहेत ना, त्यातली प्रत्येक शीर आपापला तुकडा पोसते. एकीचं बंद पडलं तर शेजारणीला फारसं देता येत नाही. पडद्यालाच पीळ बसला तर सगळ्याच दबतात. रक्त आत येतं पण बाहेर जात नाही, आतडं फुगतं, जांभळं होतं, मग येणंही थांबतं. 'सहा तास मिळतात काका, कधी तेवढेही नाहीत,' त्या सहज म्हणाल्या. मी नग परत फडक्यात गुंडाळायला लागलो. त्यांनी विचारलं, कोण? मी म्हटलं, बायको. पिशवीच्या जुन्या ऑपरेशननंतर आत चिवट पट्टा धरला होता, त्याखाली वेटोळं गेलं आणि पिळलं. साडेचार फूट कापलं. तिसऱ्या दिवशी, चतुर्थीला, गेली.

मॅडम खाली बसल्या.  मग म्हणाल्या, 'तुम्ही नाही केलंत तरी मी काही म्हणणार नाही. पण ते बघून उद्या माझा एखादा विद्यार्थी कुणाच्या तरी पोटावर हात ठेवेल आणि त्या माणसाला घरी पाठवणार नाही.' मी चप्पल घातली आणि निघून आलो. नमस्कारही केला नाही. वागायची रीत राहिली नाही मला.

एक विचारतो, खरं सांग. हाताला कळतं का गं? सुरुवातीला, दोनेक तासांत, वरून नुसता हात ठेवला तर? शिकलेल्याला नव्हे, साध्या माणसाला. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

तुझा,
पप्पा


१४ जुलै २०२४

चि. श्रेया,

चार पानं! पाठपोट! पत्र वाचायला करी रोडच्या पुलावर जाऊन उभा राहिलो. घरात वाचवेना.

तू लिहिलंयस, 'पप्पा, आईला दहाच्या सुमाराला सुरू झालं. पहिल्या तासांत पुष्कळदा पोट मऊच लागतं, पेशंट कळवळत असतो आणि हाताला काही सापडत नाही. डॉक्टरही फसतात. तुम्ही घरी असतात तरी तुम्हाला कळलं नसतं.' आणि खाली, 'आईने मला एकला फोन केला तेव्हा म्हणाली, पप्पा सकाळपासून घराक इले नाय, त्यांका काय बोलू नको. मी दोन वर्षं तुम्हालाच बोलत राहिले. माझं चुकलं.'

चुकलं असं लिहू नकोस. एवढी एक ओळ तू खोडून टाक, निदान मनातून.

पाच सप्टेंबरला येतेस हे वाचून मी वेड्यासारखा घर झाडत सुटलो. पडदे धुतले. तुझ्या कपाटाला वाळवी लागली होती, ते खरवडून रंगवलं, आणि सवयीने तोच जास्वंदीचा रंग लावून बसलो. तू हसशील. दोन वर्षं घरात गणपती नव्हता, यंदा बसवू म्हणालीस. बसवू. 'आणि डोळे तुम्हीच आखा.' हे मात्र मी तीनदा वाचलं.

जाईबाईंना सांगायला गेलो की श्रेया येतेय, मोदकांची उकड शिकवा. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. म्हणाल्या, 'जयवंता, चेडवाक सांगलंस काय?' मी म्हटलं, मुलीला काय सांगायचं? त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

तूर्त इतकंच.

पप्पा


१८ ऑगस्ट २०२४

श्रेया,

तिकीट रद्द करायचं झालं तर तुला वेळ मिळावा म्हणून आज लिहितो. महिनाभर कागद घेऊन बसत होतो आणि उठत होतो.

दुसरा नग मी केला. मॅडमकडे जाऊन माफी मागितली आणि माती मळायला घेतली. खिडक्या बुजवल्या, शिरा फुगवल्या. वेटोळं तट्ट केलं. घड्या सुजून एकमेकींत गेलेल्या, वर जांभळा, त्यावर काळा. रंग कोणाला विचारावा लागला नाही. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ट्रेमध्ये दाखवलं होतं, ते मी विसरलेलो नाही. पण रंगापर्यंत जायच्या आधीच माझं काम थांबलं होतं. ओल्या मातीच्या त्या फुगलेल्या वेटोळ्यावर ओलं फडकं टाकलं आणि वरून पंजा ठेवला, आत पोकळ राहिलंय का बघायला. नेहमीची सवय. आणि हात तिथेच राहिला. तोच स्पर्श होता.

मी त्या दिवशी दुपारी घरी आलो होतो.

आखणीचा ब्रश देव्हाऱ्यात असतो. कारखान्यात ठेवत नाहीत. डोळ्यांची वेळ आली की मगच घरी येऊन, आंघोळ करून, देवापुढे हात जोडून तो उचलायचा आणि न बोलता कामावर जायचं. तुला हे लहानपणापासून माहीत आहे, तरी तुझ्या एकदाही मनात आलं नाही की मग त्या दिवशी ब्रश कोणी नेला. मी वाट बघत होतो की तू विचारशील. विचारलं असतंस तर काय केलं असतं, देव जाणे.

बाराला घरी आलो. आई ओट्याखाली फरशीवर कुशीवर पडली होती. पाय पोटाशी. म्हटलं, काय झालं? म्हणाली, 'पोटात पिळवटता ओ.' मी आंघोळ उरकली, मग तिच्याजवळ बसलो. तिने माझा हात ओढून पोटावर घेतला. बेंबीच्या वर, डाव्या अंगाला. तेव्हा मला त्या जागेचं नाव ठाऊक नव्हतं.

तू लिहिलंस की पोट मऊ लागतं. नव्हतं गं मऊ. पुष्कळांचं लागत असेल, तिचं नव्हतं. आत काहीतरी ताठ धरलेलं होतं, आणि जरा दाबलं तर तिचं सगळं अंग दगडासारखं झालं. अठ्ठेचाळीस वर्षं मी पोटांवर हात फिरवतोय. मातीच्या आत हवा अडकली असेल तर मला वरून कळतं, सगळ्या लालबागला ठाऊक आहे. मला कळलं. काय आहे ते नाही कळलं, पण हे वायूचं नाही, हे घरी ठेवायचं नाही, हे कळलं. तुझ्या पत्रातल्या हिशेबाने दोन तास झाले होते. हॉस्पिटल टॅक्सीने दहा मिनिटांवर होतं.

सहाला मंडळाची माणसं मूर्ती न्यायला यायची होती. मूर्ती उभी होती आणि तिला डोळे नव्हते. माझ्याशिवाय कोणी आखू शकत नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. तेही खोटं होतं. विनीत आखतोच आहे की.

आईने विचारलं, 'कळला काय?' मी म्हटलं, वायू आहे. ओव्याचं पाणी घे आणि पडून राहा.

मग ब्रश उचलला. त्यानंतर तिने दोनदा हाक मारली. ब्रश हातात होता, बोलायचं नव्हतं, म्हणून मी बोललो नाही. केवढी सोय झाली मला त्या नेमाची. जिन्यात जाईबाई भेटल्या. 'नलूक बरा नाय ना रे?' त्यांनी विचारलं. मी ब्रश दाखवला आणि खाली उतरलो. त्यांना वाटलं असणार, बरंच असेल, नाहीतर नवरा कशाला जाईल. आई त्यांनाही थांबवत राहिली, हे येतीलच म्हणून. चार वाजता जाईबाईंनी ऐकलं नाही.

तुला तिने एकला फोन केला तेव्हा मी मूर्तीसमोर जाऊन बसलो होतो. मी आलोच नव्हतो असं ती तुला म्हणाली. तेवढ्या वेदनेत तिला सुचलं की मागून तू मला सोडणार नाहीस. त्या खोट्यावर मी दोन वर्षं जगलो, आणि या वर्षी तर तुला पत्रात लिहून पक्कं केलं. तू माफ केलंस ते त्या माणसाला, जो घरी आलाच नव्हता.

घरच्या मूर्तीचे डोळे विनीतला सांग. मी ब्रश त्याला देऊन टाकला. दोन्ही नग कॉलेजात गेलेत. मॅडमना मी पाटीवर नाव घालू नका म्हटलंय. काळ्याला मुलांनी हात लावून बघावा एवढंच सांगितलं.

एक सांगायचं राहिलं. मी उठायला लागलो तेव्हा ती म्हणाली, 'जरा हात ठेवा हो हयसर. बरा वाटता.' तिने दोन्ही हातांनी माझा पंजा धरून ठेवला होता. सव्वाबारा वाजले होते. मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

जयवंत